शेवाळी आणि विटकरी

ठिणगी हे तिचं खरं नाव नव्हे, पण घरात आणि कॉलेजात सगळे तिला तेच म्हणत. ते नाव ठेवणाऱ्या बाबांना त्याचा पश्चात्ताप व्हावा इतके प्रसंग तिने त्यांना दिले होते. लोकांच्या नाकावर राग असतो, हिच्या नाकावर त्याने बिऱ्हाडच थाटलं होतं. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेलं हिरवं पान बघूनही ती दुकानात उभ्या उभ्या भडकायची. "आत साखर आणि मैदा, आणि बाहेर पान! कुठल्या झाडाचं आहे हे, विचारा तरी!" दुकानदार बिचारा तिला सुटे पैसे परत देऊन लवकर वाटेला लावायचा.

ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती ती. ज्या गोष्टीवर भडकायचं तीच गोष्ट शिकायची, असा तिचा उद्योग होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला मनापासून आवडायचा. तोच साबण निळ्या कागदात बांधला की थंडगार वाटतो आणि पिवळ्यात बांधला की स्वस्त वाटतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती आठवडाभर हवेत होती. रंग तोंडातून अवाक्षर न काढता माणसाचा हात धरून त्याला फळीपर्यंत नेतो. वस्तू कशी आहे हे डोक्याला कळायच्या आत ती पिशवीत पडलेली असते. ही जादू आपल्याला येते याचा तिला गर्व होता आणि चीडही होती, आणि दोन्ही एकाच वेळी कशी असू शकतात याचा तिने कधी विचार केला नव्हता.

जादू शिकवणारे होते छटासाहेब. हेही खरं नाव नव्हे. दर वाक्यात एकदा तरी 'छटा' म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून मुलांनी ठेवलेलं. कॉलेजात पॅकेजिंग शिकवायचे आणि शेजारच्या गल्लीत त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. शेवटच्या वर्षाची निवडक मुलं दुपारी तिथे फुकट राबायची. त्याला 'अनुभव' म्हणायचं. तो शब्द उच्चारताना छटासाहेबांचा चेहरा असा व्हायचा, जणू स्वतःच्या खिशातून काढून देतायत.

त्यांची शिकवण दोन वाक्यांची. पहिलं वाक्य: "गिऱ्हाईक वाचत नाही, गिऱ्हाईक बघतं." आणि दुसरं: "डोळे बारीक करा!" हे दुसरं तर त्या स्टुडिओचं ब्रीदच होतं. काम भिंतीला लावायचं, चार पावलं मागे जायचं आणि उन्हात उभं राहिल्यासारखे डोळे बारीक करून बघायचं. अशाने रंग विरघळतात आणि उरतो फक्त त्यांचा गडदपणा आणि फिकेपणा. एकाच कंपनीचे दोन डबे असतील तर डोळे बारीक केल्यावर दोन्ही सारखे वजनदार दिसले पाहिजेत, एकाने दुसऱ्याच्या पुढे उडी मारता कामा नये. "एका आईच्या दोन मुली वाटल्या पाहिजेत," छटासाहेब म्हणायचे. एखाद्याला हे जमलं नाही तर त्याचं काम ते भिंतीवरून स्वतःच्या हाताने काढून टाकत.

त्या वर्षी स्टुडिओकडे औषधाचं काम आलं. रक्तदाबाची गोळी होती. सकाळी घ्यायची सौम्य आणि रात्री घ्यायची कडक, नाव एकच. जुने डबे पांढरेफटक, वर बसच्या पाटीवर असतो तसा मिलिग्रॅमचा मोठा काळा आकडा, कडकवर वेगळा आणि सौम्यवर वेगळा. औषध कंपनीच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "आमचा डबा बघूनच माणसाला आजारी वाटायला लागतं. तो आकडा तर अंगावर येतो."

"आकडा घालवू," छटासाहेब म्हणाले. मग त्यांनी आपला कोट उघडून दाखवला. बाहेरून शेवाळी आणि आतलं अस्तर विटकरी. त्या कोटाचा त्यांना कोण अभिमान! वर्गात ते तो दर महिन्याला एकदा तरी उलटून दाखवायचे. "हे दोन रंग घ्या. सकाळ शेवाळी, रात्र विटकरी. काय शांतता आहे बघा! माझ्या शिंप्याला रंगाची जी जाण आहे ना, ती निम्म्या डिझायनरांना नाही." आणि ठिणगीकडे वळून, "बापाचा डोळा लेकीत उतरलाय म्हणा."

कारण तो कोट तिच्या बाबांनी शिवला होता. ती लाजली. आपल्यासारख्या मुलीलाही लाजता येतं याचं तिला त्या दिवशी नवल वाटलं.

मग ती त्या दोन रंगांच्या मागे हात धुऊन लागली. शेवाळी जरा फिका पडला की विटकरी पुढे उडी मारायचा, विटकरी दाबला की शेवाळी माजायचा. थेंब थेंब करत तिने दोन्ही एका वजनाला आणले. छटासाहेब चार पावलं मागे गेले, डोळे बारीक केले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. "जमलं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकायला मुलं वर्षं काढत.

आकडा कोपऱ्यात गेला, दवबिंदूएवढा. "सर, इतका बारीक?" तिने विचारलं होतं. "रंग बोलतोय ना? मग आकड्याने मध्ये कशाला तोंड घालायचं?" स्टुडिओत हशा पिकला. तीही हसली. पुढे ते हसू तिला फार टोचलं.

मंजुरीसाठी बनवलेले नमुन्याचे डबे जास्त झाले होते. त्यातले दोन ती घरी घेऊन आली, आणि आईला आकाश ठेंगणं झालं. "अगं, हीच गोळी तर घेतात तुझे बाबा!" आईने लगेच जुने डबे रिकामे केले, गोळ्यांची पाकिटं नव्या डब्यांत घातली आणि जुने केराच्या टोपलीत. पाकिटं दोन्ही सारखीच, चंदेरी. त्यांच्यावरचा आकडा नेमका पहिली गोळी फोडताना फाटायचा. "लेकीच्या डब्यातली गोळी अजून गुण देईल," आई म्हणाली. बाबांनी डबे हातात घेऊन उलटसुलट केले, मान हलवली आणि "छान आहेत" म्हणाले. तेवढंच. ठिणगीला वाटलं, बाबांना कौतुक करता येत नाही.

एरवी बाबांना गोळी हातात द्यायची ती आईच. पण मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि आई तिच्याकडे राहायला गेली. जाताना सांगून गेली, "हिरवा डबा सकाळी, तांबूस डबा रात्री." बाबा हो म्हणाले.

आठवडाही झाला नसेल. ठिणगी वर्गात असताना शेजारच्या किराणावाल्याचा फोन आला. बाबा दुकानात उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली कोसळले. इस्त्रीच्या टेबलाचा कोपरा कपाळाला लागला. ती धावत पोचली तेव्हा दवाखान्यात टाके घालून झाले होते आणि डॉक्टर घरून आणवलेली चंदेरी पाकिटं उजेडात धरून बघत होते.

"कडकचं पाकीट संपत आलंय, सौम्यचं तसंच आहे. दोन्ही वेळा कडकच घेतलीये यांनी," डॉक्टर म्हणाले. "रक्तदाब पार तळाला गेलाय. थोडक्यात निभावलं. रस्त्यात असते तर?"

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाटेवर बँडेज बांधून पडलेल्या बापाची दया येण्याआधी तिला राग आला, तिचं सगळं उलटंच. "बाबा, एवढे ढळढळीत दोन रंग केलेत मी! शेवाळी आणि विटकरी! दिसत नव्हतं का तुम्हाला?"

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

संध्याकाळी आई आली. तिने ठिणगीला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं आणि स्वतः उभीच राहिली.

"नाही दिसत त्यांना," आई म्हणाली.

"काय नाही दिसत?"

"लाल-हिरव्यातलं काही. तुझा तो शेवाळी आणि विटकरी तर अजिबात नाही. जन्मापासून. लग्नानंतर महिन्याने मला कळलं. कुणाला सांगितलं नाही. रंग न कळणाऱ्या शिंप्याकडे कोण कापड टाकणार?"

ठिणगीला वाटलं, कुणीतरी आपल्याला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवतंय. यंत्राशेजारी स्टुलावर बसून रीळ काढून देणारी आई. तिला ताप आला की 'यंत्र बिघडलंय' म्हणून बंद राहणारं दुकान. रिळांचा पत्र्याचा डबा, ज्यात प्रत्येक रिळाचा खण ठरलेला आणि ज्याला हात लावायची घरात कुणाला मुभा नव्हती. लहानपणी एकदा तिने ती सगळी रिळं काढून छटांप्रमाणे ओळीने लावली होती, फिक्यापासून गडदापर्यंत, आणि कौतुकाच्या आशेने बाबांना बोलावून दाखवली होती. बाबांनी तिला मारलं होतं. आयुष्यात तेवढंच एकदा. आपण किती सुंदर काम केलं आणि आपल्या बापाला त्याची किंमत नाही, हा सल तिने इतकी वर्षं उराशी जपला होता.

"आणि तू तरीही त्या डब्यांत गोळ्या भरल्यास?" ती आईवर कडाडली.

आई मग बाकावर बसली. "मलाच विसर पडला गं. इतकी वर्षं सांभाळलं, की आपण काही सांभाळतोय हेच डोक्यातून गेलं. आणि तू केलेले डबे होते..."

ठिणगीला आणखी ओरडता येईना. राग मात्र कुठे गेला नव्हता, त्याने फक्त जागा बदलली.

दुसऱ्या दिवशी तिने ते दोन डबे उलगडून सपाट केले आणि कॉलेजातल्या झेरॉक्स यंत्रावर ठेवले. बाहेर आले दोन करडे कागद. तंतोतंत सारखे, कोपऱ्यातल्या आकड्याचा तर नुसता ठिपका झालेला. कोणता सकाळचा आणि कोणता रात्रीचा, हे ते बनवणारीलाही सांगता येईना. डोळे बारीक करून जे स्टुडिओत सगळे मुद्दाम बघायचे, ते तिच्या बापाला या दोन रंगांपुरतं उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. आणि डोळे बारीक केल्यावर दोन्ही एक व्हावेत म्हणून तिनेच थेंब थेंब घाम गाळला होता. दुसऱ्या कुणी गबाळ्याने हे काम केलं असतं तर एक डबा गडद झाला असता, एक फिका राहिला असता, आणि बाबांना फरक कळला असता. आपण हुशार आहोत म्हणून बाप पडला. हे सुचल्यावर तिने त्या यंत्राला लाथ घातली. झेरॉक्सवाला ओरडला, तीही त्याच्यावर ओरडली.

ते कागद घेऊन ती छटासाहेबांपुढे उभी राहिली.

"छान," ते म्हणाले. "वजन किती अचूक साधलंस, याचा पुरावाच आणलास."

"सर, ज्याला लाल-हिरवं कळत नाही त्याने काय करायचं? एक माणूस चुकीची गोळी घेऊन पडलाय."

"आपले डबे अजून छापलेच नाहीत, पडला कसा?"

"नमुन्याचे डबे होते घरी... म्हणजे, एकांच्या घरी."

"कुणाच्या?"

ठिणगीच्या जिभेवर आलेला शब्द तिने दाताखाली धरला. "आहेत ओळखीचे."

"मग त्या ओळखीच्यांना सांग, आकडा वाचा म्हणावं. छापलाय ना आपण?"

"गिऱ्हाईक वाचत नाही, बघतं. कोण म्हणतं हे?"

छटासाहेबांच्या चेहऱ्यावरची एकूण एक छटा उतरली. "हे बघ. परवा कंपनीच्या बाई येतायत. त्यांनी मान डोलावली की हे छापायला जाणार. काम तुझं आहे म्हणून कामावर तुझं नाव घालतोय मी, आजवर कुठल्या विद्यार्थ्याचं घातलेलं नाही. बैठकीला ये आणि शांत बस. एका माणसासाठी डोळ्यांना सुख देणारी वस्तू कुरूप करायची नसते. झेरॉक्स म्हणजे जग नव्हे."

घरी गेली तर बाबा कपाळाला पट्टी बांधून यंत्रावर बसलेले. छटासाहेबांचा तोच कोट पुढ्यात होता, पोटावर सैल करायला आलेला. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "बाबा, मला तुमचं नाव घेऊ द्या. खरा माणूस दाखवल्याशिवाय ते ऐकणार नाहीत."

"नाही."

"बाबा..."

"नाही म्हटलं ना! हा कोट कुणाचा आहे? तुझ्या त्या सरांचा. त्यांना कळलं की गावाला कळलं. गणवेश गेले, कोट गेले, मग मी काय करू, माश्या मारू? तुझं शिक्षण ह्याच डोळ्यांवर झालंय, लक्षात ठेव."

"आणि उद्या दुसऱ्या कुणाचा बाप पडला म्हणजे?"

"पडू दे! मला माझं दुकान बघू दे."

"मग तुमच्यात आणि सरांत फरक काय राहिला?" ती म्हणाली. "त्यांनाही एक माणूस पडलेला चालतो."

आई ओरडली, "ठिणगे!" बाबांनी यंत्राचं चाक हाताने फिरवलं, सुई खाली आणली, वर नेली.

बैठकीच्या दिवशी स्टुडिओ झाडूनपुसून लख्ख होता. मधल्या टेबलावर दोन डबे, त्यांच्यावर दोन्हीकडून दिवे. इतका उजेड की कुणाच्या स्वयंपाकघरात कधी पडत नसेल. छटासाहेब कोटाविना जरा अपुरेच दिसत होते. औषध कंपनीच्या बाईंनी डब्यांवरून बोट फिरवलं आणि "सुरेख" म्हणाल्या.

ठिणगी उठली आणि तिने ते दोन करडे कागद डब्यांशेजारी ठेवले. "यातला रात्रीचा कुठला, सांगता?"

बाईंनी कागद खालीवर केले. "हे काय आहे?"

"ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांना तुमचे डबे असे दिसतील. सकाळी सौम्य घ्यायची तिथे ते कडक घेतील आणि पडतील."

"असं कुणाचं झालंय का खरोखर?" बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी खरंच विचारलं.

"कुणी ओळखीचं आहे म्हणे," छटासाहेब हसून म्हणाले. "विद्यार्थी आहे हो, या वयात जगाची काळजी वाटतेच. हवं तर आपण एक करू. सकाळच्या डब्यावर सूर्य काढू आणि रात्रीच्या डब्यावर चंद्र. झालं समाधान?"

"चालेल की," बाई म्हणाल्या. "पण फार उठून नको दिसायला."

"छे छे. दिसतील न दिसतील असे."

दिसतील न दिसतील असे! ठिणगीच्या कानशिलातली शीर उडायला लागली. न दिसणारा सूर्य नि न दिसणारा चंद्र काढून ही दोन शहाणी माणसं एकमेकांचं अभिनंदन करणार होती. एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता. माझे बाबा. तिने तोंड उघडलं. डोळ्यांपुढे यंत्राचं फिरणारं चाक आलं, आणि तिने तोंड मिटलं. रागाने डोळ्यांत पाणी येतं तसं तिच्या आलं. ते लपवायला तिने मान फिरवली, तर दारात बाबा उभे होते. कपाळाला पट्टी आणि हातावर घडी घातलेला कोट.

"या या!" छटासाहेब उठलेच. "अगदी वेळेवर! बाई, हेच ते. ह्यांच्याच कोटावरून सुचले हे रंग. अहो, पण कपाळाला काय झालं?"

बाबा टेबलापाशी आले. पायातल्या चपला ते दारातच काढून आले होते, कुणाच्याही घरी काढतात तशा. त्यांनी दोन्ही डबे उचलले, एक या हातात, एक त्या हातात.

"यातला रात्रीचा कुठला?"

छटासाहेब हसले. "तुम्ही विचारताय?"

"मीच विचारतोय. मला दोन्ही एकच दिसतात." आवाज थोडा घोगरा होता, पण थांबला नाही. "हिने घरी आणले होते. सकाळ-रात्र कडकच गोळी घेत बसलो. आणि हे कपाळ."

बाईंनी त्या पट्टीकडे पाहिलं, मग करड्या कागदांकडे. छटासाहेब अजून हसत होते, कारण हसू कुठे ठेवायचं ते त्यांना सुचत नव्हतं. "पण असं कसं? हा कोट, हे अस्तर..."

बाबांनी डबे खाली ठेवले आणि कोटाची घडी मोडून तो उलटा केला. "हे आतलं, हे बाहेरचं. हाताला कळतं मला, अस्तर गुळगुळीत लागतं. डोळ्याला नाही कळत. रंग बायकोने काढून दिला, मी शिवला. तुम्ही वर्गात माझं जे कौतुक करता ना, ते तिचं आहे. तिला सांगत जा." मग त्यांनी कोट पुन्हा सुलटा केला, खांदे झटकले आणि खुर्चीच्या पाठीवर नीट घातला. "पोटावर सैल केलाय."

बाई उठल्या.

"छपाई थांबवा," त्या छटासाहेबांना म्हणाल्या. "रंग कुठलाही ठेवा. आकडा होता तेवढा मोठा करा. काळा."

"पण बाई, मग त्यातली शांतता..."

"करा म्हटलं ना."

बाई गेल्यावर छटासाहेबांनी कोट उचलला, अस्तर दिव्याखाली धरलं आणि निरखून निरखून बघत राहिले. इतकं सगळं झालं, तरी त्या माणसाला काळजी कसली पडली होती, तर न बघता शिवलेल्या कोटाची! ठिणगीने आपली पट्टी, कटर, रंगांच्या बाटल्या पिशवीत भरल्या. "सर, माझं नाव घालू नका," ती म्हणाली. त्यांनी मान वर केली नाही.

रस्त्यावर येताच ती बाबांवर तुटून पडली. "कशाला आलात? मी सांगितलं नव्हतं! मी सांगणारही नव्हते!"

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तोंड उघडून मिटलंस ते दारातून दिसलं मला. तेवढं दिसतं."

"मग तसेच माघारी जायचं होतं. आता दुकानाचं काय होईल, कळतंय का तुम्हाला?"

"आता का ओरडतेस? परवा तर तूच म्हणत होतीस."

"मी काहीही म्हणेन! तुम्ही ऐकायचं असतं का?"

बाबा चालत राहिले. ठिणगी त्यांच्या बरोबरीने चालत घरापर्यंत भांडत आली, आणि मध्येच कधीतरी तिने त्यांचा दंड घट्ट धरला, तो सोडला नाही.

दुकानाचं व्हायचं तेच झालं. छटासाहेबांनी मुद्दाम बदनामी केली असं नाही, पण गोष्ट गमतीची होती आणि त्यांना गोष्ट रंगवून सांगायची सवय होती. शाळेचे गणवेश दुसरीकडे गेले. कोट येईनासे झाले. जुनी गिऱ्हाइकं यायची, पण उंबऱ्यापाशी घुटमळायची, आणि 'निळंच आहे ना हे' असं विचारून एकमेकांकडे बघायची. निळं तर बाबांना चांगलं कळायचं, पण ते कुणाला समजावून सांगत बसले नाहीत. आई स्टुलावर बसून मुकाट्याने रीळ देत राहिली, आणि ठिणगी कॉलेजातून आली की दुकानातच तिचं काम घेऊन बसायला लागली. कुणी कुजबुजलं तर त्याच्याकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून.

एके दिवशी एक गृहस्थ सदरा घेऊन आले. खांद्याची शिवण उसवली होती. लाल सदरा. जरा फाजील सुरात म्हणाले, "दोरा जुळवून लावाल ना हो? नाहीतर हिरवा लावाल!" आणि बरोबरच्या मित्राकडे बघून डोळा मारला.

ठिणगी ताडकन उठली. आईने सवयीने रिळांच्या डब्याकडे हात नेला.

"तू बस," बाबा आईला म्हणाले. मग ठिणगीकडे बघून, "तूही."

त्यांनी स्वतः तो पत्र्याचा डबा पुढ्यात ओढला आणि झाकण उघडलं. कुठल्या खणात काय आहे हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण त्यांनी शेजारशेजारच्या खणांतली दोन रिळं काढली आणि त्या दोघांसमोर, भर दुकानात, दोन्ही हात ठिणगीपुढे धरले.

"यातलं लाल कुठलं गं?"

घरात इतकी वर्षं रंगांच्या गप्पा झाल्या होत्या, पण हा प्रश्न त्यांनी तिला कधी विचारला नव्हता. ठिणगीला रडू येत होतं आणि त्या दोन माणसांना दुकानाबाहेर काढावंसंही वाटत होतं. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की मित्राने नजर खाली घातली आणि सदऱ्याचा मालक खिशात काहीतरी शोधू लागला.

"उजव्या हातातलं, बाबा," ती म्हणाली. मुद्दाम मोठ्याने.

बाबांनी डाव्या हातातलं रीळ परत त्याच्या खणात ठेवलं, दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं आणि एका झटक्यात सुईत ओवलं.